शेवटच्या पाण्यात एक टोपण

दामू खिलारेला अख्खी सोसायटी 'फौजी' म्हणते. गाझियाबादेतले ते चौदा मजल्यांचे चार टॉवर, साडेतीनशे बिऱ्हाडं, आणि त्यातल्या दहा जणांनासुद्धा त्याचं खरं नाव माहीत नसेल. "फौजी, मेरी वाली पहले कर देना यार." "फौजी, शीशा अंदर से भी मार दियो." "फौजी भैयाऽऽ, कल आपने वायपर खडा छोड दिया था, हं?" हे शेवटचं 'हं' नवव्या मजल्यावरच्या गिरिजा मॅडमचं. त्या रागावल्या तरी पंगतीत शिरा वाढत असल्यासारख्या बोलतात. दामूचं उत्तर सगळ्यांना एकच. "जी साब." बाई असली की "जी मेमसाब."

सतरा वर्षं सैन्यात गाडी चालवली, त्यातली सहा वर्षं थेट कमांडिंग ऑफिसरची. बाकी काही विसरलं तरी हे दोन शब्द विसरणार नाही, अशी जिभेला सवयच लागलेली. त्याची बायको कौशल्या म्हणते, "अहो, तुम्ही रिटायर झालात, पण तुमची जीभ अजून ड्यूटीवरच आहे. तिला कधी पेन्शन देणार?"

दामू मूळचा जत तालुक्यातला. लहानपणी पाणी टँकरनं यायचं. अंघोळ घमेल्यात बसून करायची आणि तेच पाणी मग दारातल्या शेवग्याला. त्यामुळे बादली हातात आली की त्याच्या कपाळाला आपोआप आठी पडते; ओतायच्या आधी तो पाण्याकडे एकदा बघून घेतो. फौजेत गेला आणि या आठीला काम मिळालं. थोड्या पाण्यात जास्त चमक कशी काढायची, यात त्याचा हात धरणारा युनिटमध्ये कुणी नव्हता. गाडीच्या दारात साहेबाला स्वतःच्या मिशीचे केस मोजता आले पाहिजेत, हे त्याचं माप. शेवटची पोस्टिंग दिल्ली कँटची. रिटायर झाला तेव्हा लेकीचं, प्रणिताचं, बारावीचं वर्ष होतं. एक वर्ष थांबू म्हणाले, त्याला आता पाच वर्षं झाली. प्रणिता कॉलेज करून आता नोकरी शोधतेय आणि बापाला सांगतेय, "पप्पा, तुम्ही ना, बेकार टेन्शन घेता यार."

टेन्शन कसं घेणार नाही? लोकांना वाटतं गाडी धुणं म्हणजे काय, फडका आणि पाणी. दामूला विचारा. इथल्या बोअरचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुना. वाळलं की काळ्या गाडीला देवी आल्यासारखी दिसते. त्यात दिवाळी झाली की हवेतून जे खाली बसतं ते धूळ नव्हे, काजळी. ओल्या हातानं पुसा, चिकटते. कोरड्या फडक्यानं पुसा, ओरखडे काढते. आणि सकाळी सात वाजता मागून आवाज येतो, "फौजी, आज धोई नहीं क्या?" धुतली होती साहेब. सव्वापाचला धुतली होती. तुमच्या दिल्लीनं ती पुन्हा माखली.

वर नळ कुठे, तर गार्डरूमजवळ एकच. गाड्या कुठे, तर जमिनीखालच्या दोन मजल्यांत. दोन्ही हातांत बादल्या घेऊन तो उतार रोज पंचवीस-तीस वेळा उतरायचा. गुडघे कुरकुरायचे. बादल्या ठेवायला जागा नाही म्हणून जनरेटरच्या मागे लपवायच्या, आणि तिथून महिन्यातनं एकदा तरी त्या कुणीतरी उचलून न्यायचं.

तर अशा दिवसांत दामू कश्मीरी गेटच्या बाजारात गेला. चमकवायचं मेण आणायला गेला होता. दुकानदाराच्या तोंडात पानाचा तोबरा होता, आणि तो सांडू नये म्हणून तो मान वर करून बोलायचा, त्यामुळे सगळी माहिती छताला दिल्यासारखी वाटत होती.

"फौजी भाई, मोम छोडो. मोम रगडोगे, कंधा जाएगा. ये देखो." त्यानं निळ्या पाण्याची बाटली पुढे सरकवली. "बाल्टी में एक ढक्कन. एक! डेढ नहीं. गाडी धो ली, साबुन उतार दिया, फिर आखरी पानी में ये. ऊपर से बहाओ, गीले गीले में कपडा फेरो, बस. छाँव में करना. धूप में सूख गया तो मेरे पास मत आना. और साबुन में कभी मत मिलाना! साबुन और ये सास-बहू हैं. एक बाल्टी में डालीं तो दोनों का मुँह बिगडेगा."

"चमकेगा?"

"चमकेगा? अरे मक्खी बैठेगी तो फिसल के टाँग तुडवाएगी!"

दामू कुणाचं ऐकून लगेच करणारा नव्हे. पंधरा दिवस त्यानं ते स्वतःच्या स्कूटरवर वापरून बघितलं. मग धीर करून गिरिजा मॅडमच्या काळ्या गाडीवर. साबणानं धुतली, साध्या पाण्यानं साबण घालवला, आणि तिसऱ्या बादलीत एक टोपण निळं. टपापासून खाली ओतलं तर पाणी अळूच्या पानावरून पळावं तसं पळालं. फडका फिरवायला नावालाच लागला. चुन्याचा एक ठिपका नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर काजळी बसली ती नुसती बसली, चिकटली नाही. ओल्या फडक्याच्या एका हातात गेली.

"फौजी भैयाऽऽ, पानी तो इस पे रुक ही नहीं रहा, हं?"

"जी मेमसाब," दामू म्हणाला, पण त्या दिवशी घरी गेल्यावर कौशल्येला त्यानं ते पाणी कसं पळालं हे हातानं चार वेळा करून दाखवलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "कळलं हो. आता जेवा."

आणि नेमकं त्याच महिन्यात सोसायटीनं ठरवलं की सी टॉवरच्या खाली, जिथं मोडके झोपाळे आणि मांडवाचे बांबू पडलेले असतात, तिथं गाड्या धुवायचा पॉइंट करायचा. स्वतंत्र नळ, गटार, दिवा. डोक्यावर स्लॅब, म्हणजे बारा महिने सावली. तो कुणाला द्यायचा हा प्रश्न होता. एक कंपनी मागे लागली होती. तिची पोरं एकसारखे टीशर्ट घालून दोनदा येऊन फोटो काढून गेली होती. दुसरा उमेदवार दामू.

सोसायटीचा सेक्रेटरी रिंकू त्यागी. धंदा घरं-दुकानं विकून द्यायचा. त्याचं बोलणं 'मतलब'पासून निघतं आणि 'समझ रहा है'पाशी पोचतं. "मतलब फौजी, मैं तो तेरे साथ हूँ, पर मतलब कमिटी में सात जने हैं, समझ रहा है? इतवार ग्यारह बजे मीटिंग है. सातों की गाडी चमका दे. सातों नीचे आके देखेंगे. मतलब चमकी, तो पॉइंट तेरा. नहीं चमकी तो मतलब... समझ रहा है?"

दामू समजला. घर भाड्याचं होतं, स्कूटर दुसऱ्याकडून घेतलेली. पण एक नळ आपला असावा, बादली ठेवली तिथंच दुसऱ्या दिवशी सापडावी, एवढंच त्याला पाच वर्षांत हवंसं वाटलेलं. शनिवारी त्यानं सगळे फडके धुऊन वाळवले. रविवारचा पूर्ण हिशेब डोक्यात मांडला: पाचला सुरुवात, साडेनऊला सातवी गाडी पुसून कोरडी. दीड तास हातात.

रविवारी सव्वापाचला पहिल्या गाडीला साबण लागला, आणि तात्यासाहेब खाली उतरले.

लेफ्टनंट कर्नल तात्यासाहेब घोरपडे, निवृत्त, टॉवर बी, अकरावा मजला, कमिटीच्या सातांपैकी एक. पाच वर्षांपूर्वी दामूला इथं त्यांनीच आणलं. "आपला माणूस आहे, फौजी आहे, मराठी आहे," असं ते मीटिंगमध्ये मराठीत म्हणाले होते आणि मग लक्षात आल्यावर हिंदीत. ते उपकार दामू विसरला नव्हता. तात्यासाहेब त्याला विसरू देतही नव्हते. पांढरा ट्रॅकसूट, कानटोपी, हात मागे बांधलेले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'सी'नं सुरू होतं, जणू समोर नकाशा टांगलाय.

"दामू, हे काय? तीन-तीन बादल्या?"

"साहेब, ही साबणाची. ती साध्या पाण्याची. आणि ती तिसरी शेवटच्या पाण्याची. त्यात हे औषध, एक टोपण."

"सी, दामू. म्हणजे तू गाडीभोवती तीन फेऱ्या मारतोस. साबण एक, साधं पाणी दोन, औषध तीन. सात गाड्या, एकवीस फेऱ्या. टाइम अँड मोशन! औषध साबणातच टाक की. वन गो."

"साहेब, दुकानदार म्हणाला होता की साबणात..."

"दुकानदार कुठल्या रेजिमेंटचा?"

दामूनं बाटली फिरवून मागची बाजू वर केली.

"आणि एक टोपण? एवढ्या गाडीला? खोकल्याचं औषध पाजतोयस का तिला? चार टाक."

"साहेब, बाटलीवर पण लिहिलंय, शेवटच्या..."

"दामू."

आवाज चढला नाही. चढायची गरजच नव्हती. ते 'दामू' वरून खाली आलं, जसं सतरा वर्षं येत होतं, आणि रबरी बुटांतल्या दामूच्या टाचा एकमेकींना चिकटल्या. तोंडातून बाहेर पडलं, "जी साहेब." पडल्यावर त्याला वाटलं, मेल्या, हे कुणी म्हटलं? मी तर नाही म्हणणार होतो.

चार टोपणं साबणात गेली. फेस एवढा वर आलेला होता तो बघता बघता बसला, आणि दूध नासावं तसे पांढरे कण वर तरंगायला लागले.

"साहेब, फाटलं."

"फाटलं नाही, ॲक्टिव्हेट झालं. साबण वाढव."

साबण वाढवला. कण वाढले. "औषध वाढव." वाढवलं. बादलीत आता जे होतं त्याला पाणीही म्हणवेना आणि साबणही. पाटीवर खडूनं लिहून ओल्या हातानं पुसल्यासारखा रंग. दामूनं ते पहिल्या गाडीवर फिरवलं. तात्यासाहेब बाजूला उभे राहून "गुड, गुड," म्हणत होते. ओल्यात ती चमकत होती हे खरं. ओल्यात तर कोळसाही चमकतो.

सहाला ते फिरायला गेले. जाताना म्हणाले, "सातही अशाच. मी नंतर येऊन बघतो."

आता खरं तर रान मोकळं होतं. जनरेटर होता, मांजर होतं आणि दामू. बादली उपडी करायची, पुन्हा आपल्या पद्धतीनं सुरू करायचं. कुणाला कळलं असतं? दामूनं बादलीच्या कडीला हातही घातला. पण हुकूम देणारा नजरेआड गेला म्हणून हुकूम नजरेआड होत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते गुडघ्यासारखं अंगाचाच भाग झालं होतं. तो दात-ओठ खात, मनातल्या मनात तात्यासाहेबांना अस्सल जतच्या शिव्या घालत, एकेक गाडी त्याच बादलीनं धूत गेला. शिव्या सगळ्या मनात. हात मात्र हुकमाप्रमाणे.

साडेआठला सातवी गाडी झाली, तोवर आधीच्या वाळल्या होत्या, आणि खरी शोभा दिसली. बॉनेटवर आडवे-उभे पांढुरके फराटे. काचेवर पातळ चिकट साय. बोट लावलं की बोटाचा ठसा. आणि त्या चिकट सायीवर गाझियाबादची काजळी मुंग्यांनी गूळ धरावा तशी येऊन बसायला लागली. गिरिजा मॅडमही कमिटीतल्याच; त्यांची काळी गाडी तर तुपाच्या हातानं कुणी थोपटल्यासारखी.

तेवढ्यात कौशल्या पोह्यांचा डबा घेऊन आली. रविवारी ती आणतेच. तिनं गाड्यांच्या रांगेकडे बघितलं.

"अगं बाई! गाडीला ताक पाजलंत का?"

दामूनं सांगितलं. कौशल्येनं डबा गाडीच्या टपावर ठेवला, मग दामूचा चेहरा बघून उचलून खाली ठेवला.

"मग नाही म्हणायचं ना!"

"साहेबांना?"

"कोण साहेब? ते काय सरहद्दीवर आहेत? टॉवर बी मध्ये आहेत! लिफ्टनं येतात!"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं. मला एवढं कळतं की गुडघे तुमचे जातात आणि 'गुड गुड' ते म्हणतात." पदर खोचून तिनं फडका उचलला. "आता काय करायचं ते सांगा. मी तुमच्यासारखी नाही, चुकीचं सांगितलंत तर करणार नाही."

नुसता साबण, दोन हात, कोमट पाणी. तेव्हा कुठे ती साय सुटायची. एका गाडीला सव्वा तास. कोमट पाणी गार्डच्या किटलीतून. दोघांनी मिळून अकरापर्यंत दोन गाड्या माणसात आणल्या. बाकी पाच तशाच, आणि लिफ्ट उघडून कमिटी खाली आली.

रिंकू त्यागी आपल्या गाडीसमोर थांबला. आज त्याचं बोलणं 'मतलब'शिवायच निघालं. "फौजी," तो म्हणाला, "ये गाडी है कि दही-भल्ला?"

मागे हशा पिकला. गिरिजा मॅडमनी आपल्या दारावर बोट ओढलं आणि ते सगळ्यांना दाखवलं. "फौजी भैयाऽऽ, आप तो इतना अच्छा करते थे. आज ही, हं?" शिऱ्यात आज साखर नव्हती.

दामूनं तात्यासाहेबांकडे बघितलं. ते सगळ्यांत मागे उभे होते. आता बोलतील, त्याला वाटलं. आणि तात्यासाहेब बोलले. घसा खाकरून, हात मागे बांधून, पुढे येऊन बोलले.

"जेंटलमेन. सी, जवान है. जवान से गलती हो जाती है. फर्स्ट मिस्टेक है. मैं कहता हूँ, माफ किया जाए. आगे से मैं खुद देखूँगा."

माफ! दामूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रागावले असते तर चाललं असतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण माफी? ज्यांनी बादलीत चार टोपणं टाकायला लावली तेच वर त्याला माफही करून मोकळे! मागं कौशल्येनं "हंऽऽ" केलं, ते जतपर्यंत ऐकू गेलं असेल.

"पर हुआ क्या, ये तो बता," त्यागी म्हणाला.

दामू बादल्यांकडे वळला. त्यानं दोन मग घेतले. एकात साबणाचं पाणी, एकात साधं. दोन्हींत निळं थेंबभर टाकलं आणि त्यागीच्या नाकासमोर धरले. साबणाचं फाटलं. साधं तसंच स्वच्छ राहिलं. मग त्यानं साध्या पाण्याचा मग नुकत्याच साफ केलेल्या गाडीच्या बॉनेटवर ओतला. पाणी मण्यामण्यांनी घरंगळून खाली गेलं. गिरिजा मॅडम म्हणाल्या, "ओह." कमिटीतले दोघं वाकून बघायला लागले.

"अबे, तुझे मालूम था?" त्यागी म्हणाला. "फिर साबुन में मिलाया क्यूँ?"

"हुकूम था साब."

"किसका?"

दामूच्या तोंडात नाव होतं. ओठांपर्यंत आलेलं. कौशल्या मागून डोळ्यांनी ते ओढत होती. पण ते बाहेर येईना. तो सरळ समोर बघत सावधानमध्ये उभा राहिला. तात्यासाहेब नोटीसबोर्ड वाचत होते. नोटीसबोर्ड रिकामा होता.

त्यागी काही दुधखुळा नव्हता. अख्ख्या सोसायटीत 'हुकूम' देणारा माणूस एकच. त्याच्या मिशीखाली हसू आलं आणि त्यानं ते लगेच पुसलं, कारण फेब्रुवारीत सोसायटीची निवडणूक होती आणि टॉवर बी ची मतं तात्यासाहेबांच्या खिशात. "मतलब देखो भई," तो म्हणाला, "काम फौजी को आता है, मतलब ये तो दिख गया. पॉइंट फौजी का. और मतलब निगरानी रहेगी कर्नल साहब की. दोनों की बात रह गई. समझ रहे हो?"

सगळ्यांनी माना हलवल्या. तात्यासाहेबांनी सर्वांत जास्त. दामूला नळ मिळाला, गटार मिळालं, सावली मिळाली, आणि या सगळ्याच्या मधोमध खुर्ची टाकून तात्यासाहेबही मिळाले. रोज सकाळी. 'वन गो.' त्याला हसावं की बादली डोक्यावर उपडी करून घ्यावी ते कळेना.

मग त्याच्या तोंडून जे निघालं त्यानं कौशल्याही चमकली.

"मंजूर है साब. एक अर्ज है."

"बोल."

"एक रजिस्टर रहेगा पॉइंट पे. पानी में क्या डालना है, कितना डालना है, जो हुकूम होगा, उस में लिखा जाएगा. तारीख, टाइम, नाम, ओहदा, दस्तखत." मग तात्यासाहेबांकडे वळून मराठीत, अगदी अदबीनं, "फौजेत असंच असतं ना साहेब? लेखी?"

तात्यासाहेब नाही कसे म्हणणार? सहा जण त्यांच्याकडे बघत होते. "ऑफ कोर्स," ते म्हणाले. "ऑफ कोर्स. प्रोसीजर आहे."

गुरुवारी नळ बसला. प्रणितानं जाड वहीवर पट्टीनं रकाने आखून दिले. शुक्रवारी सकाळी दामूनं गिरिजा मॅडमची गाडी पॉइंटवर घेतली, साबण लावला, उतरवला, आणि तात्यासाहेब आपली खुर्ची, आपला पेपर घेऊन हजर.

"सी, दामू. मी विचार केला. औषध गरम पाण्यात टाकायचं. उकळत्या! काय होतं, पेंटची रंध्रं उघडतात."

"जी साहेब." दामूनं वही पुढे केली, उघडून. पेनचं टोपण काढून दिलं.

तात्यासाहेबांनी तारीख घातली. वेळ घातली. 'आदेश' च्या रकान्यात 'औ' लिहिला. मग पेन शेजारच्या 'नाव, हुद्दा, सही' वर गेलं आणि तिथं घुटमळलं. "बाटली बघू," ते म्हणाले. चष्मा नाकावर चढवून ते बाटलीमागचं बारीक लिहिलेलं वाचायला लागले. आधी इंग्रजी, मग खात्रीसाठी हिंदी. चांगली दहा मिनिटं. मध्येच "हं," मध्येच "अच्छा!" दामू बादली धरून उभा. गाडी ओली. गिरिजा मॅडम ऑफिसला निघायच्या तयारीत खाली आलेल्या.

तात्यासाहेबांनी बाटली खाली ठेवली आणि 'औ' पुढे खणखणीत अक्षरात लिहिलं. लिहिताना मोठ्यानं म्हणाले, मॅडमना ऐकू जाईल असं, "औषध शेवटच्या पाण्यात. फक्त एक टोपण. सावलीत. साबणात मिसळण्यास सक्त मनाई." खाली लफ्फेदार सही. लेफ्टनंट कर्नल. "सी, दामू, हे असं असतं. कुणी शिकवलं होतं रे तुला साबणात टाकायला?"

"वॉव, कर्नल साहब," गिरिजा मॅडम म्हणाल्या. "आपको तो सब पता है, हं?"

दामूच्या हातातला फडका पिळून पिळून कोरडा झाला होता. तो टाचा जुळवून उभा राहिला, वही पुन्हा पुढे धरली, आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, वर एक ओळ कोरी आहे. मागच्या रविवारचा पण हुकूम लिहून ठेवता का? तारीख मी सांगतो."

तात्यासाहेबांनी पेनला टोपण लावलं. पेपर उघडला, उलटा होता, सरळ केला.

"दामू," पेपरामागून आवाज आला, "गाडी वाळतेय."

आणि ती खरंच वाळत होती. चुन्याचे पहिले ठिपके टपावर उमटायलाही लागले होते. दामू शिवी गिळून, एक टोपण पाण्यात टाकून बादली घेऊन धावला.